कंपनी ४०० कोटींना विकली, मग माझ्या वाट्याला किती?

यावेळची बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत म्हणून सगळा कॉलम त्यालाच देतेय. शेअर बाजारात नसलेली, चांगली चालणारी टेक कंपनी दुसऱ्या कंपनीला विकली जाते तेव्हा आत काम करणाऱ्यांचं, कंपनी काढणाऱ्यांचं आणि घरच्यांचं नेमकं काय होतं. जळगाव, धुळे, नंदुरबारची भरपूर पोरं-पोरी पुण्या-बेंगळुरूत अशा कंपन्यांत आहेत, काहींनी स्वतःच्या काढल्यात, त्यामुळे हा विषय आता आपल्या घरातला झालाय. पत्रं थोडी कमी करून छापतेय, नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मी मूळ अमळनेरचा, इंजिनिअरिंग शिरपूरला झालं, अडीच वर्षांपासून पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जॉइन होताना पगार कमी घेतला कारण ८,००० ईसॉप (कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या भावाने घ्यायचा कर्मचाऱ्याचा हक्क) दिले होते. आता एक मोठी विदेशी कंपनी आम्हाला विकत घेतेय, पेपरात ४०० कोटी आकडा आलाय. एकूण शेअर ८० लाख आहेत असं कळलं. म्हणजे शेअरला ५०० रुपये आणि माझे ४० लाख, असा हिशोब करून मी घरी सांगून टाकलं. वडील जळगावला फ्लॅट बघायला लागलेत. आता सिनिअर लोक म्हणतात एवढे येणार नाहीत. खरंय का? आणि मी कोणाला काय विचारू?

उत्तर: भाऊ, फ्लॅटचं टोकन आधी थांबवा. वडिलांना आजच फोन करा.

८,००० ईसॉप तुम्हाला ग्रँट झालेत, म्हणजे देऊ केलेत, ते सगळे तुमचे झालेले नाहीत. साधारण स्कीम चार वर्षांची असते, पहिलं वर्ष पूर्ण झालं की पाव हिस्सा पक्का होतो आणि पुढे दर महिन्याला नाहीतर तिमाहीला थोडा थोडा होत जातो, कायद्यानेही ग्रँट आणि व्हेस्टिंगमध्ये (म्हणजे हक्क पक्का होण्यामध्ये) किमान एक वर्ष जावंच लागतं. तुमची स्कीम अशीच असेल तर अडीच वर्षांत ५,००० व्हेस्ट झाले. उरलेल्या ३,००० चं काय होणार हे ईसॉप स्कीमच्या कागदात आणि विक्रीच्या करारात असतं. कधी नवी कंपनी त्याऐवजी स्वतःचे शेअर देते, कधी ते रद्द होतात, कधी स्कीममध्येच लिहिलेलं असतं की कंपनी विकली आणि त्यानंतर वर्षभरात तुम्हाला काढलं तर सगळे एकदम पक्के धरायचे. तुमच्या स्कीममध्ये यातलं काय आहे ते वाचल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि तुम्ही वाचलेलं नाही हे तुमच्या पत्रावरून दिसतंय. स्कीमची पूर्ण कॉपी एचआरकडे ईमेलवर मागा, हे आजचं पहिलं काम.

आता तो ५०० रुपये भाव. मार्केटला माल नेला की पुकारलेला भाव एक असतो आणि हातात येते ती पट्टी दुसरी, हमाली-तोलाई वजा होऊन. अमळनेरच्या माणसाला हे मी समजवायला नको. कंपनीच्या विक्रीतही कपाती असतातच, फक्त त्या फार मोठ्या असतात आणि त्यांच्यावर सह्या तुम्ही जॉइन व्हायच्या आधीच झालेल्या असतात.

एक उदाहरण मांडून दाखवते, आकडे माझे धरलेले आहेत. ४०० कोटी ही बहुतेकदा कर्जासकटची किंमत असते. समजा ३० कोटी कर्ज आहे आणि १० कोटी बँकर-वकिलांना गेले, राहिले ३६०. गुंतवणूकदारांनी १५० कोटी घातलेत आणि त्यांचा हिस्सा निम्मा आहे असं धरू. त्यांच्याकडे साधे शेअर नसतात, प्रेफरन्स शेअर असतात, आणि त्यात लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणून एक अट असते की कंपनी विकली तर आधी आमचे पैसे. ही अट दोन तऱ्हेची असते. पहिल्या तऱ्हेत ते एकतर आपले १५० घेतात नाहीतर सगळ्यांसारखा हिस्सा घेतात, जे जास्त असेल ते. ३६० चे निम्मे १८० होतात म्हणून ते इथे हिस्साच घेतील आणि सगळ्यांना शेअरला ४५० पडतील. तुमचे ५,००० शेअर म्हणजे साडेबावीस लाख. दुसऱ्या तऱ्हेत ते आधी १५० उचलतात आणि वर उरलेल्या २१० मध्येही निम्मे घेतात, मग शेअरला २६२ रुपये ५० पैसे, आणि तुमचे १३ लाखांच्या थोडे वर. आणि त्या ४०० मधले १०० कोटी जर अर्न-आउट असतील, म्हणजे पुढच्या दोन वर्षांत अमुक इतका धंदा झाला तरच द्यायचे असतील, तर याच दुसऱ्या तऱ्हेत त्यांचे १५० गेल्यावर आज वाटायला उरतात ११० कोटी, त्यातलेही निम्मे त्यांचे, म्हणून शेअरला १३७ रुपये ५० पैसे, आणि तुमचे ६ लाख ८७ हजार ५००. त्यातून तुमची एक्सरसाइज प्राइस, म्हणजे ईसॉपचे शेअर घेताना भरायचा ठरलेला भाव, वजा करा. काही भाग, समजा दहा टक्के, वर्ष-दीड वर्ष एस्क्रोमध्ये (तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात) अडकून राहतो, कारण विकत घेणाऱ्याला नंतर जुना टॅक्सचा घोळ सापडला तर तो त्यातून वळता करता यावा. मग टॅक्स. ईसॉप एक्सरसाइज न करता, म्हणजे शेअर न घेता, थेट रोख देऊन रद्द केले तर बहुतेक कंपन्या ती रक्कम पगारात धरूनच टीडीएस कापतात, म्हणजे वरच्या स्लॅबमध्ये असाल तर ३० टक्के आणि वर सेस.

४० लाख आणि ६ लाख, दोन्ही आकडे त्याच ४०० कोटींच्या बातमीतून निघतात. तुमच्या कंपनीत यातलं काय आहे हे कागद सांगणार, बातमी नाही.

मोठ्या व्यवहारांतही हेच असतं. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप १९ अब्ज डॉलरला घेतलं असं सगळीकडे छापून आलं, त्यात रोख होते ४ अब्ज, १२ अब्जांचे फेसबुकचे शेअर आणि राहिलेले ३ अब्ज संस्थापक आणि कर्मचाऱ्यांना चार वर्षांत मिळणारे शेअर, म्हणजे टिकलात तर. त्याच्या दोन वर्षं आधी इन्स्टाग्राम १ अब्जाला घेतलं, तेव्हा तिथे १३ माणसं होती, त्यातही मोठा भाग शेअरचा होता आणि व्यवहार पूर्ण होईपर्यंत फेसबुकचा शेअर पडला म्हणून किंमत ७१.५ कोटी डॉलरच्या आसपास आली. (ते शेअर ज्यांनी पुढे धरून ठेवले त्यांचं भलं झालं ही गोष्ट वेगळी.) म्हणून तुम्हाला रोख मिळणार की विकत घेणाऱ्याचे शेअर, हेही विचारा.

अमळनेरचे आहात म्हणून आणखी एक लिहिते. आपल्याकडे विप्रोच्या शेअरच्या गोष्टी घरोघरी आहेत, १९४५ साली अमळनेरलाच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणून वनस्पती तेलाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, बोनसवर बोनस मिळत गेले आणि ज्यांनी विकले नाहीत त्यांच्या पुढच्या पिढ्या सावरल्या. त्यामुळे शेअर म्हटलं की आपल्या माणसाचा जीव त्यात अडकतो, आणि ते चांगलंच आहे. पण ती लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारातली कंपनी होती, शेअर कधी विकायचा हे ज्याच्या हातात शेअर त्याने ठरवलं. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये तसं नसतं, शेअर वाटेल त्याला विकता येत नाहीत आणि मोठे भागधारक विकायला तयार झाले की तुम्हाला धरून ठेवायचे असले तरी ठेवता येत नाहीत.

आता विचारायचं कोणाला. फायनान्स हेडला किंवा ईसॉपचं काम बघणाऱ्याला, लेखी. माझे व्हेस्ट झालेले किती, अनव्हेस्टेडचं काय होणार, प्रेफरन्स वजा जाऊन साध्या शेअरला अंदाजे किती पडणार, त्यातले आज किती आणि नंतर किती, अर्न-आउटमध्ये कर्मचाऱ्यांचा वाटा आहे की तो फक्त संस्थापकांना. विचारताना भीड वाटू देऊ नका. आपल्याकडची मुलं हुशार असतात, मेहनती असतात, पण साहेबाला पैशाचं विचारायचं म्हटलं की गप्प बसतात, आणि याचा मला फार त्रास होतो कारण ज्यांनी पगार कमी घेऊन कंपनी उभी केली त्यांनाच शेवटी कळतं की आपला आकडा काय. तुम्ही पगार सोडलाय त्याच्या बदल्यात. विचारणं तुमचा हक्क आहे.

प्रश्न: मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. माझ्या मुलाने ११ वर्षांपूर्वी मित्रासोबत पुण्यात कंपनी काढली, हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर करतात. सुरुवातीला मी शेतावर कर्ज काढून पैसे दिले. आता दोन-तीन वर्षांपासून चांगला नफा आहे, दीडशे माणसं कामाला आहेत. आणि आता म्हणतो विकायची. गावातले लोक मला विचारतात, चालती कंपनी कशाले इकी राहिना भो? मला उत्तर देता येत नाही. मुलगा नीट बोलत नाही. त्याला कोणी फसवत तर नाही ना?

उत्तर: नाना, तुमचं पत्र दोनदा वाचलं. फसवणूक असेलच असं अजिबात नाही, पण तुमची काळजी रास्त आहे, कारण यात तुमची जमीन लागली होती.

चालती कंपनी का विकतात, याचं सरळ कारण म्हणजे बंद पडायला आलेलीला कोणी पैसे देत नाही. भाव चालतीलाच येतो. पण खरं कारण बऱ्याचदा आत असतं. मुलाने बाहेरून गुंतवणूक घेतली असेल, व्हेंचर फंडाकडून (नव्या कंपन्यांत पैसा लावणाऱ्या फंडाकडून) वगैरे, तर त्या फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं ठरलेलं असतं, त्यांनाही पुढे ज्यांचे पैसे आणलेत त्यांना परत करायचे असतात. म्हणून ते पैसे टाकतानाच करारात घालून घेतात की अमुक वर्षांत शेअर बाजारात जा नाहीतर विका, आणि ड्रॅग-अलाँग नावाचं कलम असतं ज्यात ठरलेल्या टक्क्यांइतके भागधारक विकायला तयार झाले की बाकीच्यांनाही विकावंच लागतं. तुमच्या मुलाच्या कंपनीला ११ वर्षं झालीत, म्हणून मला ही शंका पहिली येते. तो स्वतःहून विकतोय की त्याला विकावं लागतंय हा प्रश्न त्याला विचारा, आणि रागावून विचारू नका, शेजारी बसून विचारा. तो बोलत नाही याचं कारण कदाचित बोलायचीच बंदी असेल, असे व्यवहार चालू असताना गुप्ततेचा करार केलेला असतो आणि घरीसुद्धा आकडा सांगता येत नाही. पण कारण सांगता येतं.

फ्लिपकार्टचं बघा, २००७ मध्ये दोघांनी सुरू केली, २०१८ मध्ये वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर देऊन ७७ टक्के हिस्सा घेतला. संस्थापकांपैकी सचिन बन्सल त्याच व्यवहारात सगळं विकून बाहेर पडले, बिनी बन्सल राहिले पण काही महिन्यांत तेही पद सोडून गेले. इतकी वर्षं राबलेली कंपनी सोडताना माणसाला काय होत असेल हे बाप म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. उलटं उदाहरण झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचं आहे, त्यांनी बाहेरच्या फंडाचा पैसा घेतलाच नाही म्हणून त्यांना विका म्हणणारं कोणी नाही, तामिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यातूनही काम चालतं. दोन्ही रस्ते चांगले आहेत, पण कुठला रस्ता ते पहिला पैसा घेतानाच ठरून जातं.

आणि विकणं म्हणजे हरणं असं गावात कोणी म्हणत असेल तर त्यांना जळगावच्या जैन इरिगेशनचं सांगा. त्यांनी इस्रायलची नानदान विकत घेतली तेव्हा आपल्याला अभिमान वाटला, आणि २०२३ मध्ये त्यांनीच परदेशातला ठिबकचा धंदा रिव्हुलिस कंपनीत विलीन करून टाकला, त्यातून कर्ज कमी झालं आणि जळगावचं काम चालूच आहे. विप्रोने २०१६ मध्ये अमेरिकेतली अ‍ॅपिरिओ ५० कोटी डॉलरला आणि २०२१ मध्ये लंडनची कॅपको १.४५ अब्ज डॉलरला घेतली. ज्यांनी त्या विकल्या त्यांना कोणी वेडं म्हटलं नाही.

मुलाला मात्र तीन गोष्टी विचाराच. कंपनीच्या कर्जाला त्याची किंवा तुमची वैयक्तिक हमी आहे का, असेल तर विक्रीच्या दिवशीच ती सुटली पाहिजे आणि तुमच्या सातबाऱ्यावरचा बोजाही उतरला पाहिजे. त्याला विक्रीनंतर किती वर्षं तिथेच नोकरी करायची आहे आणि मधेच सोडली तर किती पैसे जातात. आणि तुम्ही दिलेले पैसे कंपनीच्या वहीत कर्ज म्हणून आहेत, शेअर म्हणून आहेत, की कुठेच नाहीत. तिसरं उत्तर आलं तर लगेच सीएकडे जा. बापाने दिले म्हणून लिहिलं नाही असं खूप घरांत झालेलं असतं आणि विक्रीनंतर ते दुरुस्त करायला जागाच राहत नाही.

प्रश्न: मी धुळ्याची, कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे, चार वर्षं झाली. कंपनी विकली गेली. ईसॉप वगैरे आम्हाला नव्हते. नवीन कंपनी म्हणते सगळ्यांनी राजीनामा द्या आणि आमचं नवीन ऑफर लेटर घ्या. द्यावा का?

उत्तर: ताई, लगेच सही करू नका. विक्री दोन तऱ्हेने होते. शेअर विकले असतील तर कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतो, तुमचं अपॉइंटमेंट लेटर चालूच असतं आणि राजीनाम्याचं कारणच नाही. धंदा उचलून दुसऱ्या कंपनीत नेला असेल तर कागद बदलतात, पण तेव्हा नव्या पत्रात स्पष्ट आलं पाहिजे की जुनी नोकरी सलग धरली जाईल. तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे कारण ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं लागतात, तुमची चार झालीत, साधा राजीनामा देऊन नव्याने जॉइन झालात तर मोजणी शून्यापासून सुरू व्हायची भीती आहे. ईमेल करा की माझी मूळ जॉइनिंग तारीख, शिल्लक रजा आणि पगार तोच राहील असं पत्रात लिहून द्या मग सही करते. एकट्या पाठवू नका, टीममधल्या सगळ्यांनी मिळून पाठवा. पीएफ तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) ठेवून ट्रान्सफर करा, काढू नका.

हेही सांगते, सपोर्ट, अकाउंट्स, एचआर या जागा दोन्ही कंपन्यांत असतात म्हणून विक्रीनंतर आधी तिथेच कपात होते. घाबरवत नाहीये, पण बायोडेटा तयार ठेवा.

प्रश्न: कंपनी विकल्यावर दोन वर्षं त्याच क्षेत्रात काम करायचं नाही असं लिहून घेतात, ते कायद्याने चालतं का? (चाळीसगाव)

उत्तर: तुम्ही कोण आहात त्यावर आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की माणसाला धंदा-नोकरी करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल. म्हणून साध्या कर्मचाऱ्याला नोकरी सोडल्यावर अडवता येत नाही (कंपनीची गुपितं, कोड, ग्राहकांच्या याद्या घेऊन जाणं हा वेगळा गुन्हा). पण त्याच कलमात एक अपवाद आहे, धंद्याचं गुडविल (नावलौकिक) विकणाऱ्याचा. तुम्ही संस्थापक आहात आणि शेअर विकून पैसे घेतलेत तर वाजवी मुदतीची, वाजवी भागापुरती बंदी चालते. त्यामुळे मुदत आणि क्षेत्र दोन्ही सहीच्या आधी घासून घ्या, "सॉफ्टवेअर" असं मोघम लिहू देऊ नका.

प्रश्न: मी जळगावचा, दोघा पार्टनरसोबत बिलिंगचं प्रॉडक्ट बनवलंय, बऱ्यापैकी चालतं. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला घ्यायचं ठरवलंय, टर्म शीट सही झाली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी सगळे जमतात तेव्हा सांगायचा विचार आहे. एका मोठ्या ग्राहकाचं रिन्यूअलही आता सोडून दिलंय, म्हटलं नवीन मालक बघतील. बरोबर ना?

उत्तर: नाही भाऊ, दोन्ही चूक. आणि मी हे कळकळीने सांगतेय.

टर्म शीट म्हणजे इरादा. त्यात बांधील असतात ते बहुतेक गुप्ततेचं कलम आणि दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही हे कलम, म्हणजे बांधले तुम्ही गेलात, ते नाहीत. किंमत अजून बांधील नाही. त्यापुढे ड्यू डिलिजन्स (तुमच्या कागदांची-हिशोबांची कसून तपासणी), मग शेअर खरेदीचा करार, मग त्यातल्या अटी पूर्ण होणं आणि मग पैसे. करार सही होऊनही व्यवहार मोडतात. बिलडेस्क ही मुंबईची नावाजलेली पेमेंट कंपनी, पेयू तिला ४.७ अब्ज डॉलरला घेणार असं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं, कॉम्पिटिशन कमिशनची मंजुरी मिळायला पुढचं वर्ष उजाडलं, मंजुरी सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाली सुद्धा, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेयूची मालक कंपनी प्रोसस म्हणाली की काही अटी ३० सप्टेंबरच्या मुदतीत पूर्ण झाल्या नाहीत म्हणून करार आपोआप संपला. वर्षभर वाट बघून. तेव्हा तुमचा व्यवहार होईपर्यंत, तो कधीच होणार नाही असं समजून धंदा करा. ते रिन्यूअल उद्या सकाळी हातात घ्या. ग्राहक गेला की उत्पन्न कमी दिसतं आणि समोरचा शेवटच्या आठवड्यात म्हणतो, आकडे बदललेत, भाव कमी करा. तोपर्यंत तुम्ही दुसऱ्या कोणाशी बोललेले नसता, वकिलाचं बिल झालेलं असतं, मनाने विकून मोकळे झालेले असता, आणि मान्य करता. असं फार होतं.

ड्यू डिलिजन्समध्ये आपल्याकडच्या छोट्या कंपन्या कुठे अडकतात तेही लिहिते कारण यावर आताही काम करता येईल. सगळ्यात मोठी अडचण कोडच्या मालकीची. सुरुवातीला कॉलेजच्या मित्राने मदत केली, कोणी फ्रीलान्सरने अ‍ॅप बनवून दिलं, इंटर्न येऊन गेले, आणि कोणाकडूनच "हे काम कंपनीच्या मालकीचं" असं लिहून घेतलेलं नाही. ज्याने लिहिलं त्याचा हक्क राहू शकतो आणि विकत घेणारा तर मुळात कोडच विकत घेत असतो. आजच त्या सगळ्यांची यादी करा आणि असाइनमेंटच्या (मालकी कंपनीला दिल्याच्या) कागदावर सह्या घ्या, व्यवहार जाहीर झाल्यावर गेलात तर तोच मित्र साहजिकच किंमत विचारेल. मग ओपन सोर्स (सगळ्यांना वापरता येणारा खुला कोड), कुठली लायब्ररी (तयार कोडचा संच) कुठल्या लायसन्सखाली वापरली हे माहीत नसतं आणि काही लायसन्स असे आहेत की तुमचाही कोड खुला करावा लागतो. जीएसटी, टीडीएस, पीएफचे राहिलेले रिटर्न. मित्रांना तोंडी कबूल केलेले टक्के. व्हॉट्सअ‍ॅपवर "तुला २ टक्के देईन" लिहिलं असेल तर तो वाद विक्रीच्या दिवशी उभा राहतोच.

सोबत वकील असा घ्या ज्याने कंपन्यांची विक्री केलेली आहे. घरातला वकील शेतीच्या दाव्यात कितीही चांगला असला तरी इथे नको. आणि आखाजीला घरी जा, झोके बघा, खापरावरचे मांडे खा, गप्प राहा. गुप्ततेच्या कलमावर सही केलीये तुम्ही.

प्रश्न: आमची शहाद्याकडे जिनिंग आहे. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरतो ती विकली गेली. आमचं काय?

उत्तर: काही महिने काहीच बदलणार नाही, आणि तेवढ्यातच तयारी करायची असते. नवा मालक प्रॉडक्ट वाढवू शकतो, दर वाढवू शकतो नाहीतर आपल्या प्रॉडक्टमध्ये मिसळून बंद करू शकतो. स्काइपसारखं नाव मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ८.५ अब्ज डॉलर देऊन घेतलं आणि मे २०२५ मध्ये बंद केलं. सगळी खाती, वजनाच्या नोंदी, शेतकऱ्यांची उधारी एक्सेलमध्ये काढून स्वतःकडे ठेवा आणि दर महिन्याला काढत जा. करार संपायची तारीख बघा, आताचा दर दोन वर्षं राहील असं पत्र मागा. नवे मालक पहिल्या काही महिन्यांत ग्राहक जाऊ नयेत म्हणून ऐकून घेतात, नंतर तेवढं ऐकत नाहीत.

प्रश्न: ताई, आमची कंपनी विकली, माझ्या शेअरचे पैसे खात्यात आले. सात वर्षांपासून शेअर माझ्याकडे होते. घरचे म्हणतात एरंडोलला शेती घे, बाकीचं सोनं. टॅक्स सीए मार्चमध्ये बघेल म्हणाला. ठीक आहे का?

उत्तर: अभिनंदन. मार्चपर्यंत थांबू नका, भांडवली नफ्यावर अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते लागतात, पैसे आल्यानंतरचा जो पुढचा हप्ता असेल त्यात भरायचा, नाहीतर व्याज लागतं. अनलिस्टेड शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर नफा दीर्घ मुदतीचा धरतात आणि २३ जुलै २०२४ पासून त्याला १२.५ टक्के दर आहे, वर सरचार्ज आणि सेस. तेवढी रक्कम आजच वेगळ्या एफडीत टाका आणि ती आपली नाही असं समजा. एस्क्रोमध्ये अजून काही अडकलं असेल तर त्याचा टॅक्स कुठल्या वर्षात, हे सीएला लेखी विचारा.

शेतीत पैसे घातले म्हणून हा टॅक्स वाचत नाही, सोन्यातही नाही, गावाकडे हा गैरसमज खूप आहे. राहतं घर घेतलं तर सवलत आहे, विक्रीनंतर दोन वर्षांत विकत घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं, पण पूर्ण सवलतीसाठी नुसता नफा नाही, मिळालेली सगळी रक्कम घरात लागते, मर्यादा १० कोटींची, आणि त्या वेळी नावावर एकापेक्षा जास्त दुसरं घर असलं तर ती मिळत नाही. रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत घर झालं नाही तर पैसे बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावे लागतात, साध्या सेव्हिंगमध्ये चालत नाही. शेती घ्यायचीच असेल तर जरूर घ्या, फक्त आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तुमचं नाव वडिलांच्या सातबाऱ्यावर लागलंय का ते तलाठ्याकडे आधी बघून या.